विश्लेषण : २५ वर्षे जुन्या ‘एज ऑफ एम्पायर्स २’मधील नव्या लढायांवरून एवढी लढाई का?

मे महिन्यात एका २५ वर्षे जुन्या कॉम्प्युटर गेमला नवे एक्स्पान्शन मिळाले आणि ज्यांच्यासाठी ते बनवले, तेच सर्वाधिक भडकले. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा तो गेम आणि ‘द थ्री किंग्डम्स’ हे त्याचे नवे पॅक. ६ मे रोजी ते विक्रीला आले. नवी सैन्ये, नवी हत्यारे, नवे सेनानी असा भरपूर मालमसाला त्यात आहे. तरीही स्टीमवर या पॅकच्या पानावर नकारात्मक शेऱ्यांची रांग लागली. तक्रार इतिहासाची आहे, असे वरवर दिसते. मुळात ती लढाईच्या नियमांची आहे आणि ज्यांनी हे पॅक विकत घेतलेले नाही, त्यांच्याही खेळावर तिचा परिणाम होतो.

या पॅकमध्ये नेमके काय आहे?

गेममध्ये प्रत्येक खेळाडू एक सिव्हिलायझेशन निवडतो. खेळणाऱ्यांच्या तोंडी तिचे ‘सिव्ह’ झाले आहे. १९९९ च्या मूळ गेममध्ये अशा १३ सिव्ह होत्या. नव्या पॅकने पाच आणल्या : खितान, जुर्चेन, शू, वेई आणि वू. त्यांच्यासह मुख्य गेममधील आकडा ५० वर गेला.

या पाचांतल्या पहिल्या दोघांबद्दल फारसे कोणाचे भांडण नाही. खितानांचे लियाओ राज्य ९१६ ते ११२५ या काळातले, तर जुर्चेनांचे जिन राज्य १११५ ते १२३४ या काळातले. दोन्ही मध्ययुगातली, दोन्ही चीनच्या उत्तरेची आणि दोन्ही घोडदळासाठी ओळखली जाणारी. जुर्चेनांनी ११२७ मध्ये सोंग राजघराण्याची राजधानी काइफंग जिंकली होती. गेममध्ये त्यांना ‘आयर्न पॅगोडा’ हे नखशिखान्त चिलखतातले घोडदळ आणि बॉम्ब फेकणारा ‘ग्रेनेडियर’ मिळाला आहे. याच वेळी आलेल्या मोफत अपडेटमध्ये जुन्या चिनी सिव्हला ‘फायर लान्सर’ मिळाला. भाल्याच्या टोकाला दारूची नळी बांधून शत्रूच्या तोंडावर आग सोडायची, असे हे शस्त्र. ११३२ मध्ये दआन शहराच्या वेढ्यात ते वापरल्याची नोंद आहे. बंदुकीचा पणजोबा म्हणावा असे हे हत्यार इतकी वर्षे या गेममध्ये नव्हते, याचेच आश्चर्य वाटते.

वाद आहे तो शू, वेई आणि वू यांच्यावरून. हान साम्राज्य कोसळल्यावर चीनचे तीन तुकडे झाले, ती ही तीन राज्ये. काळ इसवी सन २२० ते २८०. आपल्याकडे हा पैठणच्या सातवाहनांची सत्ता नुकतीच मावळल्याचा काळ आहे. म्हणजे मध्ययुग सुरू व्हायला आणखी बरीच वर्षे होती.

मग मध्ययुगीन गेममध्ये तिसरे शतक का आले?

याचे सरळ उत्तर बाजारात आहे. या तीन राज्यांच्या संघर्षावर चौदाव्या शतकात लुओ ग्वानचोंग याच्या नावावर असलेली एक महाकादंबरी लिहिली गेली. चीन, जपान आणि कोरियात तिला जवळपास आपल्याकडच्या महाभारतासारखे स्थान आहे. साओ साओ, ल्यू बेई ही नावे तिथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. जपानच्या कोएई कंपनीने या विषयावरचा पहिला गेम १९८५ मध्ये काढला आणि ती मालिका अजून सुरू आहे. २०१९ मध्ये ‘टोटल वॉर’ मालिकेनेही हाच विषय घेतला. खितानांचा गेम विकायचा तर आधी खितान कोण हे सांगावे लागते. साओ साओच्या बाबतीत तो प्रश्नच नाही.

नियमित खेळाडूंना मात्र काही वेगळेच हवे होते. चीनच्या परिसरातले पॅक येणार म्हटल्यावर अनेकांनी तिबेटी, तांगुत अशा खऱ्याखुऱ्या मध्ययुगीन सत्तांची वाट पाहिली होती. त्याऐवजी एकाच हान समाजाचे तीन राजकीय गट तीन वेगळ्या सिव्ह म्हणून समोर आले, तेही चिनी सिव्ह आधीपासून गेममध्ये असताना. त्यात भर म्हणजे मोहिमा, म्हणजे एकट्याने खेळायच्या गोष्टीरूप लढाया, फक्त या तीन राज्यांनाच मिळाल्या. खितान आणि जुर्चेन यांच्या वाट्याला एकही मोहीम आली नाही. ज्यांच्यासाठी लोक पैसे मोजायला तयार होते, तेच पाहुण्यासारखे कोपऱ्यात बसले.

कालखंडाचा मुद्दा मला व्यक्तिशः तितका पटत नाही. या गेमचे कुंपण कधीच पक्के नव्हते. २००० च्या ‘द कॉन्करर्स’मध्ये अट्टिलाचे हूण आले, ते पाचव्या शतकातले. त्याच पॅकमध्ये १५९८ ची कोरियाची नोर्यांग सागरी लढाईही होती. २०२३ मध्ये रोमन आले. एका टोकाला कोसळते रोमन साम्राज्य आणि दुसऱ्या टोकाला सोळाव्या शतकाची अखेर, एवढा हा पट्टा. आता तो मागे दोनशे वर्षे ताणला गेला. मराठी खेळाडू मित्रांच्या गप्पांत लगेच निघणारा प्रश्न म्हणजे, मागे ताणता येते तर पुढे का नाही? मराठा सिव्ह का नाही? शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, म्हणजे या पट्ट्याच्या थोडा पलीकडे. तीसेक वर्षांच्या फरकासाठी ‘काळ बसत नाही’ हे कारण आता पूर्वीइतके ठामपणे देता येणार नाही, हे मात्र खरे.

खरी ठिणगी कुठे पडली?

‘हिरो’मध्ये. शू, वेई आणि वू यांना शेवटच्या इम्पीरियल एजमध्ये, कॅसल या इमारतीतून एक नामांकित सेनानी तयार करता येतो. शूसाठी ल्यू बेई, वेईसाठी साओ साओ, वूसाठी सुन ज्यान. एका वेळी एकच. तो साध्या सैनिकापेक्षा कितीतरी दणकट असतो आणि आसपासच्या सैन्यालाही त्याच्या असण्याचा फायदा होतो. (इतिहासप्रेमींसाठी : साओ साओचा मृत्यू २२० मध्ये झाला आणि वेई राज्याची अधिकृत स्थापना त्यानंतर त्याच्या मुलाने केली. सुन ज्यान तर १९१ मध्येच मारला गेला, तेव्हा वू राज्याचा पत्ताही नव्हता. म्हणजे आपल्या राज्याच्या वतीने लढणाऱ्या या तिघांपैकी दोघांनी ते राज्य पाहिलेच नाही.)

हिरो या गेमला नवे नाहीत. जोन ऑफ आर्क, सलादीन, चंगेज खान यांच्या मोहिमा खेळतच माझी पिढी मध्ययुगाचा इतिहास शिकली. पण हे सगळे गोष्टीपुरते होते. दोन माणसे ऑनलाइन समोरासमोर बसून क्रमवारीसाठी खेळतात, त्या रँक्ड सामन्यात असा तयार हिरो उतरवण्याची सोय नव्हती. या पॅकने ती दिली.

एका युनिटने एवढे काय बिघडते?

हे समजण्यासाठी या गेममधली लढाई कशी मोजली जाते ते पाहावे लागेल. थोडे गणित आहे, पण सहावीच्या पलीकडचे नाही.

प्रत्येक सैनिकाकडे तीन आकडे असतात : प्राण, मार आणि चिलखत. मारातून समोरच्याचे चिलखत वजा करायचे. उरेल तेवढे प्राण कमी होतात. याशिवाय काही सैनिकांना ठरावीक शत्रूविरुद्ध जादा मार मिळतो आणि सगळी गंमत त्यातच आहे.

नाइट हा चिलखती घोडेस्वार घ्या. प्राण १००, मार १०, चिलखत २. किंमत ६० अन्न आणि ७५ सोने. त्याच्यासमोर पाइकमन, म्हणजे लांब भाल्याचा साधा पायदळी सैनिक. प्राण ५५, मार फक्त ४, चिलखत शून्य. किंमत ३५ अन्न आणि २५ लाकूड. सोने लागतच नाही. पण घोडदळाविरुद्ध त्याला २२ चा जादा मार आहे. त्याचा एक घाव नाइटला २४ ने खाली आणतो : ४ मधून चिलखताचे २ गेले, त्यात २२ मिळवले. म्हणजे पाच घावांत नाइट आडवा. उलट नाइटला एक भालाईत पाडायला सहा घाव लागतात.

एकास एक लढवले तर नाइटच जिंकतो, कारण त्याचा घाव १.८ सेकंदांनी पडतो आणि भालाईताचा ३ सेकंदांनी. पण दोन भालाईत लावा. दोघांचे मिळून पाच घाव सहाव्या सेकंदाला पूर्ण होतात. तोवर नाइटचे चारच घाव झालेले असतात आणि दोन्ही भालाईत जिवंत राहतात. खर्च १२० विरुद्ध १३५ आणि त्या १३५ मध्ये ७५ सोने. सोन्याच्या खाणी नकाशावर मोजक्या असतात, लाकूड आणि अन्न मिळत राहते. महाग घोडदळाला स्वस्त भाल्याने रोखता येते, हा या गेमचा कणा आहे.

हॉस्टेलमध्ये आम्ही चार जण लॅनवर ‘कॉन्करर्स’ खेळायचो. एक मित्र दर वेळी फ्रँक्स घेऊन घोडदळाचा लोंढा आणायचा. पहिले सेमिस्टर मी हरत राहिलो. मग हे कोष्टक कागदावर मांडले आणि त्याचे सोने संपेपर्यंत नुसते भाले काढत बसलो. यंत्र अभियांत्रिकीचे त्या वर्षी काय शिकलो ते आठवत नाही, हे मात्र आठवते.

या गणिताला आणखी एक अट लागते. समोरून येणारे सैन्य बघताच ओळखता आले पाहिजे. घोडा दिसला की भाला, धनुर्धर दिसले की त्यांच्यावर स्कर्मिशर, दगडफेकी यंत्र दिसले की वेगवान घोडेस्वार. खेळाडू अर्ध्या सेकंदात हे वाचतो. हिरो आसपासच्या सैन्याला बळ देतो, तेव्हा डोळ्यांना दिसणारा सैनिक तोच राहतो, पण त्याचे आकडे बदलतात. कागदावरचे कोष्टक चुकू लागते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. असा ‘प्रभाव’ असलेली युनिट्स याआधीही आली होती. रोमनांचा सेंच्युरियन जवळच्या पायदळाला चपळ करतो आणि गेम काही बुडाला नाही. हिरो शेवटच्या युगात येतो, महाग असतो आणि बरेच सामने तोवर संपलेले असतात. तेव्हा ‘हिरोमुळे गेम संपला’ ही ओरड मला अतिरेकी वाटते. प्रश्न दाराचा आहे. एकदा ते उघडले की पुढच्या प्रत्येक पॅकच्या जाहिरातीत हिरो दिसणार, कारण पोस्टरवर भालाईत विकला जात नाही.

विकत घेतले नाही तर?

तुम्हाला या पाच सिव्ह निवडता येणार नाहीत. पण रँक्ड सामन्यात समोरचा त्या निवडू शकतो आणि तुम्हाला त्यांच्याविरुद्ध खेळावेच लागते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये प्राचीन ग्रीसवर ‘बॅटल फॉर ग्रीस’ हे पॅक आले, तेव्हा अथेन्स, स्पार्टा आणि इराणच्या अकेमेनिड सिव्ह कंपनीने रँक्ड सामन्यांपासून वेगळ्या ठेवल्या होत्या. प्राचीन काळाचा खेळ हौशी लोकांसाठी, क्रमवारी मध्ययुगासाठी. त्या विभागणीवर कोणी फारसे कुरकुरले नाही. शू, वेई, वू यांनाही तिकडेच ठेवा, ही मागणी त्यातूनच आली. रिलीजच्या वेळी ती मान्य झाली नाही.

भारतीय खेळाडूंना हा अनुभव ओळखीचा आहे. २०१३ पासून गेममध्ये ‘इंडियन्स’ अशी एकच सिव्ह होती. काश्मीर ते कन्याकुमारी सगळे त्यात कोंबलेले. एप्रिल २०२२ मध्ये ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ आले आणि तिच्या जागी चार झाल्या. ‘हिंदुस्तानी’ जुन्या सिव्हच्या बदल्यात मूळ गेम असलेल्यांना मिळाली, तर बंगाली, द्रविडियन आणि गुर्जर यांच्यासाठी पैसे मोजावे लागले. राजेंद्र चोळ आणि पाल राजा देवपाल यांच्या मोहिमा आल्या. युरोपच्या साच्यातला नाइट या सिव्हना नाही. त्याऐवजी उंट, रथ आणि तटबंदीला धडका देणारे चिलखती हत्ती. द्रविडियन पायदळाच्या हाती उरुमी, म्हणजे चाबकासारखी लवचिक तलवार.

देवगिरीच्या यादवांना किंवा बहमनींना त्यात स्वतंत्र जागा नव्हती, ही आमच्यासारख्यांची खंत राहिलीच. पण लढाईच्या दृष्टीने ते पॅक मला आजवरचे सर्वांत विचारपूर्वक केलेले वाटते. नाइट काढून घेतला, तर त्याची उणीव भरणारे दुसरे काही त्याच मातीतून शोधले. तेव्हाही सुरुवातीला तोल गेला होताच. गुर्जरांचा श्रीवंश रायडर समोरून येणारे ठरावीक वार अंगावर न घेता चुकवतो. तो आणि एकूणच गुर्जर सिव्ह इतकी भारी ठरली की पुढच्या अपडेटमध्ये तिला अनेकदा कात्री लावावी लागली. नवे पॅक आधी जोरदार, मग हळूहळू सौम्य, या चक्राला खेळाडू आता सरावले आहेत. ‘पैसे देऊन जिंकणे’ हा आरोप दर वेळी होतो, तो या सुरुवातीच्या काही आठवड्यांमुळे.

मग कंपनी नवी पॅक काढतेच कशाला?

कारण न काढल्यास काय होते, ते या गेमने एकदा पाहिले आहे. मूळ गेम अमेरिकेतील डॅलसच्या एन्सेंबल स्टुडिओने बनवला. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो स्टुडिओ विकत घेतला आणि २००९ च्या सुरुवातीला बंद केला. ‘कॉन्करर्स’नंतर बारा-तेरा वर्षे अधिकृत नवे काहीच नव्हते. गेम जगला तो चाहत्यांच्या जिवावर. त्यांनी व्हूब्लीसारख्या ऑनलाइन व्यासपीठांवर सामने चालू ठेवले, स्वतः नकाशे बनवले. त्यातल्याच काहींनी ‘फरगॉटन एम्पायर्स’ नावाचे मोफत मॉड तयार केले. २०१३ मध्ये गेमची एचडी आवृत्ती आली, तेव्हा मायक्रोसॉफ्टने याच मंडळींना हाताशी धरले आणि त्यांचे मॉड ‘द फरगॉटन’ या नावाने अधिकृत एक्स्पान्शन झाले.

आज फरगॉटन एम्पायर्स हा पूर्णवेळ स्टुडिओ आहे आणि गेमच्या पॅकवर काम करतो. म्हणजे ज्यांच्यावर आज चाहते चिडले आहेत, ते एकेकाळी याच चाहत्यांच्या गर्दीत होते. या वादाला घरच्या भांडणाची धार आहे ती त्यामुळे.

२०१९ मध्ये आलेली डेफिनिटिव्ह एडिशन हीच सध्याची मुख्य आवृत्ती. सर्व्हर, सामने जुळवण्याची यंत्रणा, चुका दुरुस्त करणारे अपडेट हा सगळा खर्च सुरू असतो आणि मूळ गेम माणूस एकदाच विकत घेतो. पीसी गेम पासवर तर तो वर्गणीतच मिळतो. त्यामुळे उत्पन्नाचा मोठा आधार पॅकचाच. २०२४ मध्ये ‘व्हिक्टर्स अँड व्हँक्विश्ड’मध्ये नवी सिव्ह न देता फक्त १९ लढाया दिल्या होत्या. त्यांपैकी बऱ्याच पूर्वी चाहत्यांनी बनवलेल्या मोफत लढायांच्या सुधारित आवृत्त्या होत्या. त्या पॅकचे स्वागतही थंडच झाले. लोकांना नवे सैन्य हवे असते आणि नवे सैन्य आले की तोल बिघडतो. डेव्हलपरची अडचण एवढी साधी आहे.

पॅकने लढाईत हात घालूच नये, असा हट्टही इतिहासाला धरून नाही. ‘कॉन्करर्स’ आठवा. हॅल्बर्डियर आणि हुसार त्यातूनच आले. पाइकमनच्या पुढची पायरी आणि हलक्या घोडदळाची शेवटची पायरी. आज त्यांच्याशिवाय गेमची कल्पनाही करता येत नाही. रॅममध्ये पायदळ बसवण्याची सोय, घोडदळाचे प्राण वाढवणारे ‘ब्लडलाइन्स’ हेही तेव्हाचेच. फरक हा की त्यातल्या बहुतेक गोष्टी अनेक सिव्हना मिळाल्या आणि जुन्याच कोष्टकात एक ओळ पुढे सरकली. भाल्याला घोडा हे नाते हॅल्बर्डियरने मोडले नाही, घट्ट केले. नव्या पॅकमधले खितान आणि जुर्चेन याच वाटेने जातात. हिरो त्या कोष्टकाच्या बाहेर उभा आहे.

मग घ्यावे की नाही?

एकट्याने मोहिमा खेळणार असाल आणि तीन राज्यांची गोष्ट ठाऊक नसेल, तर घ्यायला हरकत नाही. २०८ मधली रेड क्लिफ्सची लढाई आणि तिच्या आगेमागचे राजकारण कोणत्याही वेब मालिकेला हरवेल. खितान-जुर्चेनांच्या मोहिमांच्या आशेने घेणार असाल, तर त्या यात नाहीत. रँक्ड खेळणाऱ्यांनी थोडे थांबलेले बरे. दोन-तीन अपडेट होऊन गेले की आकडे जागेवर येतात आणि स्टीमच्या सेलमध्ये किंमतही उतरते. ६ मेपासून प्लेस्टेशन ५ वरही हा गेम आला आहे. म्हणजे भालाईत आणि नाइटचे गणित पहिल्यांदाच शिकणारे नवे खेळाडू मोठ्या संख्येने येणार. त्यांच्या पहिल्या ऑनलाइन सामन्यात समोर साओ साओ उभा असेल की नाही, हे हिरोंच्या बाबतीत स्टुडिओ पुढच्या अपडेटमध्ये काय करतो त्यावर ठरेल.